स्क्रिप्ट मध्येच थांबली आणि जुन्या भावाने ऑर्डर पडल्या

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. माझ्या स्टेशनरीच्या दुकानाच्या वेबसाइटवर नवे भाव चढवायचे होते. होलसेलरची सीएसव्ही फाइल आणि ती वाचून भाव बदलणारी पीएचपी स्क्रिप्ट. रात्री टर्मिनलमध्ये कमांड दिली, शटर ओढलं, घरी आलो. सकाळी बघतो तर निम्म्या मालाला नवा भाव, निम्म्याला जुना. अकरा ऑर्डर जुन्या भावाने पडलेल्या. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? तशाच पाठवल्या, फरक खिशातून भरला.

स्क्रीनवर एरर होती: ‘अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’. आकड्याला घाबरू नका. १०२४ ने दोनदा भागा, १२८ एमबी येतात. पीएचपीची मूळ मर्यादा तेवढीच असते.

मी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन ती ५१२ केली. परत तीच एरर, आकडाही तोच! कारण वेबसाइटची पीएचपी आणि टर्मिनलची पीएचपी वेगवेगळी सेटिंग फाइल वाचू शकतात. मी एकीकडे बदल केला, स्क्रिप्ट दुसरीकडे बघत होती. म्हणून आधी टर्मिनलमध्ये ‘पीएचपी --आयएनआय’ ही कमांड द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत). कोणती फाइल लोड झाली ते तिथेच दिसतं. फक्त एका वेळेपुरती मर्यादा वाढवायची असेल, तर पीएचपीच्या पुढे ‘-डी’ लावून मेमरी लिमिट देता येते.

मर्यादा उणे एक केली की ती उठते. पुष्कळ जण हाच सल्ला देतात. मी नाही देत. छोट्या सर्व्हरवर त्याच रॅममध्ये डेटाबेसही चालतो. रॅम संपली की लिनक्स स्वतःच एखादा प्रोग्रॅम बंद पाडतं. टर्मिनलवर नुसतं ‘किल्ड’ दिसतं. डेटाबेसच बंद पडला तर ऐन सीझनमध्ये वेबसाइटच बंद!

खरा घोळ स्क्रिप्टमध्ये होता. ती अख्खी फाइल एकदम ॲरेमध्ये भरत होती, आणि पीएचपीच्या ॲरेमध्ये तोच डेटा फाइलच्या कितीतरी पट जागा खातो. म्हणजे सगळं गोदाम काउंटरवर आणून ठेवल्यासारखं. आता एक ओळ वाचायची, भाव बदलायचा, पुढची ओळ. ओळी पाचशे असोत की पन्नास हजार, मेमरी जवळपास तेवढीच लागते. फक्त लूपमध्ये निकाल साठवत बसू नका, नाहीतर पुन्हा तेच. शेवटी ‘मेमरी गेट पीक यूसेज’ छापून घ्या, जास्तीत जास्त किती लागली ते कळतं.

आणि भाव बदलणं एका ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवा. मध्येच काही बिघडलं तर सगळे भाव जुनेच राहतात. मला ते परवडतं. निम्मे-निम्मे नाही परवडत.

तुमचा डेव्हलपर ‘मेमरी वाढवू या’ म्हणाला, तर आधी विचारा: बाबा रे, फाइल एकदम वाचतोस की ओळीओळीने?