बोट्सवाना : हिरे पचवलेला देश

३० सप्टेंबर १९६६ रोजी ब्रिटिशांकडून स्वतंत्र झालेला बोट्सवाना तेव्हा जगातील अतिगरीब देशांत मोडत होता. १९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले. त्याच वर्षीच्या कायद्याने खनिजांचे हक्क जमातींकडून सरकारकडे आले. हिरे राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीच्या भूमीत होते. तरीही त्यांनी ते देशाचे मानले, त्यामुळे जमातींमधील भांडणे टळली. पुढे ‘डी बीअर्स’ या हिरे कंपनीसोबतच्या खाणकंपनीत सरकारने निम्मा वाटा मिळवला. उत्पन्न रस्ते, शाळा, दवाखान्यांवर खर्च झाले. शिल्लक ‘पुला फंडा’त साठवली गेली. क्गोट्ला या गावसभेची परंपरा आणि नियमित निवडणुका यांमुळे सत्तेवर वचक राहिला. २०२४ मध्ये स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष हरला आणि सत्तांतर शांततेत झाले. विषमता आणि हिऱ्यांवरील अवलंबित्व हे प्रश्न मात्र अजून सुटलेले नाहीत.