एसटीच्या वेळेवर भरणारे महाविद्यालय

तालुक्याच्या गावातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाचा दिनक्रम समजून घ्यायचा असेल, तर सूचनाफलकावरील वेळापत्रकाइतकेच एसटी आगाराचे वेळापत्रकही अभ्यासावे लागते. आसपासच्या खेड्यांतून येणारी बरीच मुले-मुली एसटीच्या मासिक पासवर प्रवास करतात. या पासावर विद्यार्थ्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे त्यांना भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो. मोठ्या विद्यापीठांच्या आवारात वसतिगृहांमुळे संध्याकाळनंतरही वर्दळ असते. लहान महाविद्यालयात मात्र अध्यापन, ग्रंथालय, खेळ, तालमी आणि मैत्री हे सगळे सकाळची गाडी येण्यापासून परतीची सोयीची गाडी सुटेपर्यंतच्या काही तासांतच उरकावे लागते. या आवारातील बऱ्याच प्रथा याच मर्यादेतून घडल्या आहेत.

वेळेची ओढाताण इमारतीपासूनच सुरू होते. १९७०च्या दशकात राज्याने दहा अधिक दोन अधिक तीन असा शैक्षणिक आकृतिबंध स्वीकारला, तेव्हा अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयालाच जोडले गेले आणि एकाच संस्थेत ‘ज्युनिअर’ व ‘सिनिअर’ असे दोन विभाग नांदू लागले. वर्गखोल्या मोजक्या असल्याने अशा ठिकाणी एक विभाग सकाळी व दुसरा दुपारी भरवला जातो, आणि प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकांच्या तुकड्या या दोन सत्रांच्या मधल्या फटीत बसवल्या जातात. विद्यापीठांच्या नियमांनुसार साधारणपणे ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते; तथापि ज्या गावाची गाडी पहिला तास सुरू झाल्यानंतर पोहोचते, त्या गावच्या मुलांची त्या तासाची गैरहजेरी आळसापोटी नसते, हे हजेरीपत्रक हाती असलेल्या प्राध्यापकाला ठाऊक असते.

प्राध्यापकांचीही परिस्थिती एकसारखी नसते. अनुदानित पदावरील पूर्णवेळ अध्यापकाचे वेतन शासनाकडून येते, तर ‘तासिका तत्त्वावर’ (सीएचबी) नेमलेल्या अध्यापकाला घेतलेल्या तासांच्या हिशेबाने मानधन मिळते, आणि तास नसतील त्या सुट्टीच्या काळात ते थांबते. त्यामुळे एका महाविद्यालयातील तास संपवून दुचाकीवरून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात पोहोचणारे ‘सीएचबीचे सर’ किंवा ‘मॅडम’ हे या आवारातील नेहमीचे दृश्य होऊन बसले आहे. तास संपल्यावर शंका विचारण्यासाठी विद्यार्थ्याला अध्यापक सापडावा, ही साधी गोष्टही अशा वेळी नेमणुकीच्या स्वरूपावर अवलंबून राहते.

वर्गाखालोखाल महत्त्वाची जागा म्हणजे कार्यालयाची खिडकी. प्रवेशाच्या व शिष्यवृत्तीच्या दिवसांत तिच्यासमोरची रांग हटत नाही. विद्यार्थी त्या संस्थेत शिकत असल्याचा दाखला, म्हणजे ‘बोनाफाईड’, एसटीच्या पासपासून बँकेतील खात्यापर्यंत अनेक कामांना लागतो. शिष्यवृत्तीसाठी तहसील कार्यालयातून काढलेला उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, काही प्रवर्गांसाठी नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते अशी जुळवाजुळव करून ‘महाडीबीटी’ या शासकीय संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. अर्जातील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तरी अर्ज परत येऊ शकतो. घरातून महाविद्यालयात येणारी पहिलीच पिढी असलेल्या विद्यार्थ्याला शासनाची भाषा उलगडून सांगणारा पहिला माणूस बहुधा या खिडकीमागचा लिपिक असतो, आणि त्याच्या कामाचा तो भाग कोणत्याही सेवानियमात लिहिलेला नसतो.

शिक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालणारी ‘कमवा आणि शिका’ योजना हे महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे खास वैशिष्ट्य आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण हे तत्त्व वसतिगृहांतून रुजवले. पुढे १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजमधून ते उच्च शिक्षणात आले. आज अन्य संस्थांच्या महाविद्यालयांतही ही योजना चालते. विद्यार्थी तास सुटल्यावर बागेतील आळी खणतो, ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर शिक्के मारून दाखल क्रमांक घालतो, प्रयोगशाळेतील काचेची उपकरणे धुऊन ठेवतो किंवा कार्यालयातील जुन्या फायली लावतो. कामाचे तास एका नोंदवहीत लिहिले जातात, देखरेख करणारा कर्मचारी त्यापुढे सही करतो आणि ठरलेल्या ताशी दराने होणारी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. रक्कम फार मोठी नसते. परंतु परीक्षा शुल्क भरण्यासाठी घरी हात पसरावा लागू नये, एवढे साधले तरी काही जणांचे, विशेषतः मुलींचे, शिक्षण मध्येच सुटण्याचे टळते.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एनएसएस’, ही महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करणे आणि दत्तक गावातील सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घेणे तिच्यात अपेक्षित असते. पाऊस सरल्यावर भरणाऱ्या शिबिरांत वनराई बंधारा हे आवडीचे काम असते: सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरायची, तोंडे सुतळीने शिवायची, हातोहात साखळी करून ती ओढ्यापर्यंत पोहोचवायची आणि थरांचे सांधे एकावर एक येणार नाहीत अशा बेताने रचून मधल्या फटींत माती दाबायची. दुपारी ‘बौद्धिक’, म्हणजे व्याख्यान व चर्चा, आणि रात्री मुलांचेच मनोरंजनाचे कार्यक्रम होतात. एरवी पाचच्या गाडीसाठी दप्तर आवरून बसणाऱ्या मुलांना एकमेकांच्या सहवासात सलग आठवडा मिळण्याची ही बहुधा एकमेव संधी असते. वसतिगृहातील विद्यार्थ्याला रोज सहज लाभणारी गोष्ट येथे शिबिरामुळे मिळते.

याच कारणाने वार्षिक स्नेहसंमेलनाला, रूढ शब्दांत ‘गॅदरिंग’ला, लहान आवारात मोठे वजन असते. त्याआधीच्या आठवड्यात साडी डे, टाय डे असे दिवस साजरे होतात, क्रीडास्पर्धा व पाककृतींचे स्टॉल लागतात आणि ‘शेलापागोटे’ किंवा ‘फिशपाँड’ यांची पेटी ठेवली जाते. या पेटीत निनावी चिठ्ठ्यांतून मित्रांच्या आणि प्राध्यापकांच्याही लकबींवर कोपरखळ्या टाकल्या जातात. मर्यादा ओलांडणाऱ्या चिठ्ठ्या अध्यापकांची समिती आधीच वगळते आणि उरलेल्या व्यासपीठावरून वाचल्या जातात. संमेलनाच्या आयोजनात विद्यार्थी परिषदेचाही वाटा असतो. राज्यात १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर आधारित वर्गप्रतिनिधींची पद्धत आली, आणि २०१६च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. प्रतिनिधी कोणत्याही मार्गाने आलेला असो, मंडपाचा दर ठरवणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे आणि कार्यक्रम शेवटच्या गाडीआधी संपवणे हा त्याच्यासाठी व्यवस्थापनाचा पहिला धडा असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे आता या वर्गाबाहेरील जगाला अभ्यासक्रमात अधिकृत स्थान मिळू लागले आहे. क्षेत्रकार्य, समाजसेवा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे गुणभार, दिले जातात. मोठ्या शहरात अशा अनुभवासाठी कंपन्यांची कार्यालये उपलब्ध असतात. तालुक्याच्या गावी मात्र पतसंस्था, साखर कारखाना, कृषी सेवा केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि पंचायत समिती एवढीच ठिकाणे हाताशी असतात. तेथे किती विद्यार्थ्यांना सामावून घेता येईल, त्यांच्यावर देखरेख कोण करील आणि त्या वेळेला जुळणारी गाडी आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे महाविद्यालयाला तासांची आखणी करण्याआधीच शोधावी लागतील. अन्यथा श्रेयांक कागदावर मिळतील आणि अनुभव मात्र शहराच्या जवळ राहणाऱ्यांच्याच वाट्याला येईल.