संघांत कीं संघाबाहेर ?

एखाद्या लहान राष्ट्राचा उत्कर्ष मोठ्या राजकीय संघांत राहून अधिक होतो, कीं संघाबाहेर राहून, हा प्रश्न वर्गांत निघाला म्हणजे विद्यार्थ्यांत तत्काळ दोन पक्ष पडतात. "एकीनें बळ वाढतें," असें एक पक्ष म्हणतो, "दुसऱ्याच्या तंत्रानें चालणाऱ्याची भरभराट कशी होणार?" असें दुसरा विचारतो. परंतु अशा प्रश्नाचा निकाल म्हणींनीं लागत नाहीं. उदाहरणें पाहावीं लागतात. म्हणून युरोपांतील दोन लहान देशांची हकीकत येथें देतों.

पहिला देश नॉर्वे. हा १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या, व नंतर १९०५ पर्यंत स्वीडनच्या राजाच्या छत्राखालीं होता. १९०५ सालीं लोकांचीं मतें घेतलीं, तेव्हां स्वीडनपासून विभक्त होण्याच्या बाजूनें ३,६८,२०८ व विरुद्ध अवघीं १८४ मतें पडलीं. अशा लोकांस 'संघ' हा शब्द गोड लागला नाहीं, ह्यांत नवल तें काय? आज ज्यास युरोपीय संघ म्हणतात त्यांत शिरावें कीं नाहीं, हा प्रश्न १९७२ व १९९४ सालीं त्यांच्यापुढें आला, आणि दोन्ही वेळां थोड्या मताधिक्यानें नकार मिळाला. आपली मासेमारी व शेती परक्यांच्या नियमांखालीं जाईल, अशी कोळ्यांस व शेतकऱ्यांस भीति होती.

तरी नॉर्वे संपन्न झाला. १९६९ सालीं उत्तर समुद्रांत तेलाचा मोठा सांठा सांपडला. पण तेल सांपडलेले सर्वच देश सुखी झाले नाहींत. नॉर्वेनें १९९० सालीं कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निधि स्थापिला, तो परदेशांत गुंतविला, आणि दरवर्षीं त्याच्या अपेक्षित उत्पन्नाएवढेंच खर्च करण्याचा नियम घालून घेतला. मुद्दल पुढील पिढ्यांसाठीं राखलें.

मात्र नॉर्वे सर्वस्वीं बाहेर आहे असें समजूं नये. १९९४ पासून एका करारानें तो संघाच्या बाजारपेठेंत आहे. त्या बाजारपेठेचे नियम तो पाळतो, पैसेहि देतो. पण नियम ठरतात तेव्हां त्यास मत नसतें. विभक्त झालेल्या भावानें सामाईक विहिरीचें पाणी भरावें, दुरुस्तीची वर्गणी द्यावी, परंतु पाळ्या ठरवितांना त्यास कोणी विचारूं नये, तशी ही स्थिति आहे.

दुसरा देश आयर्लंड. हा १९२२ सालीं ब्रिटिश सत्तेपासून वेगळा झाला, तरी पुष्कळ वर्षें गरीबच राहिला. तरुण पोटासाठीं परदेशीं जात, आणि बहुतेक माल ब्रिटनलाच विकावा लागे. १९७३ सालीं तो युरोपीय समुदायांत सामील झाला. त्यामुळें मोठी बाजारपेठ मिळाली, एकाच गिऱ्हाइकावरील भिस्त कमी झाली, व परदेशी कारखाने येऊं लागले. पण तत्पूर्वींच, १९६७ सालीं, त्यानें माध्यमिक शिक्षण मोफत केलें होतें. कामास शिकलेलीं माणसें तयार होतीं. पुढें तेथील बँकांनीं घरबांधणीसाठीं बेसुमार कर्जें दिलीं, आणि २०१० सालीं देशास बाहेरून मदत मागावी लागली. संघांत असूनहि तो ह्या अविचारापासून वांचला नाहीं.

सारांश, आंत जाणाऱ्यास आपला कांहीं अधिकार सोडावा लागतो, बाहेर राहणाऱ्यास मत गमवावें लागतें. कोणती किंमत परवडते, हें प्रत्येक राष्ट्रानें आपला व्यापार, शेती व इतिहास पाहून ठरवावें. परंतु नॉर्वेची काटकसर व आयर्लंडच्या शाळा ह्या कोणत्याहि संघानें दिलेल्या नव्हत्या. विद्यार्थी मित्रहो, पुढील वादसभेंत कोणताहि पक्ष घ्या. मात्र राष्ट्राचें अर्धें भाग्य त्याच्या घरांतच घडतें, हें विसरूं नका.