जसा पाऊस, तशी भाकरी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आणि पूर्वेला माण तालुका. मधलं अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचं. महाबळेश्वरात वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, माणात जेमतेम ५००. या एकाच जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जेवत निघालात, तर ताटातली भाकरी दोनदा बदलते. जावळीच्या डोंगरात नाचणीची, काळपट तांबूस. कृष्णाकाठी शाळूची म्हणजे रब्बी ज्वारीची, पांढरीशुभ्र. माणात बाजरीची, करडी आणि जाड. ही वाटणी कुणी बसून केलेली नाही. सह्याद्रीने ढग अडवले आणि त्याच्या पायथ्यापासून पुढे जशी जमीन कोरडी होत गेली, तशी ताटं बदलत गेली.

खाण्यातल्या या फरकांबद्दल आपण बहुधा आवडीनिवडीच्या भाषेत बोलतो. कोकणी माणसाला भात लागतो, सोलापूरकराला कडक भाकरी लागते, वऱ्हाडी माणसाला तिखट लागतं. पण आवड ही नंतरची गोष्ट. शेतात काय टिकलं, कोठारात काय राहिलं आणि चुलीत घालायला काय मिळालं, यावर आधी जेवण ठरलं आणि मग त्याची गोडी लागली. ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी ती इथे आली आणि प्रत्येकीने आपापली जमीन शोधली.

उताराची नाचणी, खाचराचा तांदूळ

कोकणात पाणी साठवता येईल अशी सपाट खाचरं भातासाठी. उरलेले डोंगरउतार, ज्यांना वरकस जमीन म्हणतात, ते नाचणी आणि वरीसाठी. पावसाआधी पालापाचोळा, शेण, काटक्या जाळून राब भाजायचा, त्यावर रोपं वाढवायची आणि पावसात उतारावर लावायची. ज्या मातीत भात उभा राहणार नाही, तिथे नाचणी पिकते. तिच्या १०० ग्रॅम दाण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ आणि गव्हाच्या कितीतरी पट. डोंगरातल्या बाळंतिणीला आणि दात येणाऱ्या बाळाला नाचणीचं सत्त्व देणाऱ्या बायकांनी हे आकडे वाचले नव्हते, परिणाम पाहिले होते.

किनाऱ्यावर तांदळाची भाकरी. आगरी-कोळी घरांत तिच्यासाठी आधी उकड काढतात: उकळत्या पाण्यात पीठ घालायचं, झाकण ठेवून वाफ आणायची आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळायचं. ही भाकरी पांढरी, मऊ, माशाच्या कालवणात बुडवली तरी न फाटणारी. दक्षिणेला मालवणात तोच तांदूळ घावणे आणि आंबोळीच्या रूपाने तव्यावर येतो.

पाऊस संपल्यावर येणारं पीक

घाट चढून पूर्वेला गेलं की पर्जन्यछायेचा मुलूख लागतो. हलक्या, मुरमाड जमिनीवर बाजरी आणि खोल काळ्या जमिनीवर ज्वारी. सोलापूर जिल्ह्यातलं मंगळवेढा हे ज्वारीचं कोठार. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावची. इथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरताना पेरतात. पुढे तिला पाऊस मिळाला तर मिळाला. काळ्या मातीने पोटात धरून ठेवलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर ती वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. दाणा भरताना आभाळ कोरडं असल्याने तो पांढरा, टपोरा राहतो. खरिपाच्या ज्वारीला नेमका दाणा पक्व होताना पाऊस गाठतो, बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो. रब्बीच्या शाळूला जास्त भाव का, याचं उत्तर इथे आहे. शिवाय धान्याइतकंच कडब्याला मोल. एकाच पिकातून माणसाची भाकरी आणि बैलाची वैरण.

बाजरीचा स्वभाव वेगळा. तिच्या दाण्यात स्निग्धांश जास्त, म्हणून दळल्यावर पीठ लवकर कडू होतं. त्यामुळे बाजरी नेहमी थोडी थोडी दळतात. ती उष्ण मानली जाते, म्हणून थंडीत. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि हरभरा, वांगं, गाजर, पावट्याची मिसळीची भाजी, हे ताट म्हणजे जानेवारीतल्या शिवाराचा हिशोबच असतो.

सोलापूरच्या कोरड्या हवेने आणखी एक गोष्ट दिली: कडक भाकरी. अगदी पातळ थापायची आणि मंद आचेवर वाळवत पापडासारखी कुरकुरीत करायची. पाण्याचा अंशच उरत नाही, त्यामुळे बुरस येत नाही आणि ती कित्येक दिवस टिकते. शेंगांच्या चटणीबरोबर किंवा आमटीत चुरून खातात. कोकणच्या दमट हवेत ही भाकरी एका रात्रीत नरम पडेल.

थापण्याचं शास्त्र

गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते आणि पोळी लाटता येते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, कुणातच ते नाही. मग ही पिठं एकत्र धरायची कशी? गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तेच काम भागवतो. पण फक्त पाणी ओतून भागत नाही. काठवटीत तळहाताच्या टाचेने पीठ रगडत राहावं लागतं, गोळ्याच्या कडांना चिरा पडणं थांबेपर्यंत. मग कोरडं पीठ पसरून गोळा ठेवायचा आणि बोटांनी थापत थापत फिरवायचा. कडा मधल्या भागाइतकीच पातळ झाली पाहिजे.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावरून ओला हात फिरवायचा, कारण कोरडं पीठ तसंच राहिलं तर भाकरी तडकते. पाणी सुकत आलं की उलटायची. दुसरी बाजू शेकली की तवा बाजूला करून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यावर उभी धरायची. आत कोंडलेली वाफ पापुद्रा उचलते आणि भाकरी टम्म फुगते. पीठ जुनं असेल तर चिकटी राहत नाही, ना थापली जाते ना फुगते. म्हणून जाणती बाई पीठ चिमटीत धरूनच सांगते, आज भाकरी कशी होणार ते.

खानदेश आणि विदर्भ

खानदेशाने पिठाच्या चिकटीचा प्रश्न डाळीने सोडवला. तिथल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर सालासकट उडीद दळलेला असतो. उडदाला अंगचा चिकटपणा आहे, त्यामुळे भाकरी छान थापली जाते आणि डाळ-धान्य एकत्र आल्याने पोषणही वाढतं. सोबत भरीत. जळगावच्या भरताच्या वांग्यालाही २०१६ सालीच मानांकन मिळालं. हे वांगं भाजायला कपाशीच्या वाळल्या काड्या वापरतात. कपाशीचा मुलूख, म्हणून जळणही कपाशीचं. सणाला, विशेषतः आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापराचे मांडे होतात: सैल कणकेत पुरण भरून हातांवर झुलवत मोठी केलेली पोळी, चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकलेली. नागपुरात याच तऱ्हेने, पण पुरणाशिवाय, उपड्या मडक्यावर लांब रोटी भाजतात.

विदर्भाची एक भाकरी नाही. पश्चिमेकडच्या काळ्या मातीत ज्वारी. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस वाढतो, जुन्या मालगुजारी तलावांचं पाणी मिळतं आणि ताटात पुन्हा भात येतो. राज्याच्या दोन टोकांना, अरबी समुद्राजवळ आणि वैनगंगेच्या खोऱ्यात, लोक भातच खातात, कारण दोन्हीकडे पाण्याची सोय आहे.

गोव्याचा पाव

ज्या भूमीत गहू पिकत नाही, तिथली माणसं रोज पाव खातात, हे गोव्याचं वैशिष्ट्य. १५१० साली पोर्तुगीज आले. त्यांना जेवायला आणि चर्चमधल्या विधीला गव्हाचा पाव हवा होता. गहू बाहेरून आला, पण पीठ फुगवायला यीस्ट कुठून आणायचं? माडाची सूर, म्हणजे माडी, हाताशी होती. तिने पीठ आंबवलं आणि साष्टीतल्या गावांत, विशेषतः माजोर्ड्यात, भट्ट्या पेटल्या. परक्या धान्याचा पाव स्थानिक झाडाच्या रसाने फुगला.

आज भट्टीत बहुतेक ठिकाणी बाजारचं यीस्ट असतं, पण पोदेर, म्हणजे पाववाला, मात्र अजून सकाळ-संध्याकाळ सायकलवर भोंपू वाजवत येतो. त्याच्या टोपलीत मऊ पाव, कडक कवचाचा उंडो, कोंड्यात घोळवलेली पोकळ पोळी आणि बांगडीसारखं काकण असतं. उंडो झणझणीत रस्स्याला, पोळी भाजीला, काकण चहाला. गोव्याचे बेकरीवाले मुंबईत आले, पुढे इराण्यांच्या बेकऱ्या उभ्या राहिल्या, आणि गिरणीकामगारांच्या शहराने पाव आपलासा केला. १९६०च्या दशकात दादर स्टेशनबाहेर त्यात बटाटावडा गेला आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

शिवारातला विस्तव

जगभरात उघड्या विस्तवावर भाजून खाण्याच्या आपापल्या रीती आहेत. आपल्याकडेही मुलुखागणिक विस्तव वेगळा आहे.

रायगडात भात कापल्यावर खाचरातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत कोवळ्या शेंगा आल्या की पोपटी लावायची. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर जाडं मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, हवी तर अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात गुंडाळून, वर पुन्हा पाला गच्च दाबून. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. तेल नाही, पाणी नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या वाफेवर सगळं शिजतं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. चर्र आवाज येऊन ते लगेच उडाले की पोपटी झाली.

त्याच दिवसांत देशावर हुरडा. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी, त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे. गूळभेंडी, सुरती या जाती खास हुरड्यासाठी राखतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. विदर्भात गव्हाच्या जाडसर पिठाचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकून तुपाबरोबर, वरणाबरोबर आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. पोपटी काय आणि हुरडा काय, दोन्ही पाऊस गेल्यावर मातीत राहिलेल्या ओलीचं देणं आहे.

नकाशा पुसला जातोय

१९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, ते तिची चव अजून सांगतात. त्याआधी संकरित ज्वारी आली होती. पुढे सोयाबीन आलं आणि मराठवाडा-विदर्भातली खरिपाची ज्वारी हटत गेली. रेशनवर गहू-तांदूळ मिळत राहिला. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायला सुरुवात केली, पण भाकरीचं धान्य पिकवणाऱ्याच्या पदरात त्याने फार पडलं नाही. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर ठरवला, पण प्रत्यक्षात दुकानात आला तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. गरिबाची म्हटली जाणारी ज्वारी गरिबाच्या घरातून गेली आणि आज शहरातल्या दुकानात चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग मिळते.

शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. खोल काळ्या जमिनीतली ज्वारी अजून बरीचशी हाताने उपटून काढावी लागते. मजूर मिळत नाहीत, बैल कमी झाल्याने कडब्याची घरची गरज घटली, पाखरं राखायला माणूस नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष भारताच्या पुढाकाराने साजरं झालं. त्यातून बिस्किटं आणि पाकिटं पुष्कळ आली. पण नाचणीचं बिस्किट खाल्ल्याने वरकस जमिनीचं गणित बदलत नाही. ते बदलतं रोजच्या ताटात भाकरी आल्यावर.

कमी पावसात, पाटाच्या पाण्याविना येणारी ही पिकं. पावसाचा भरवसा दरवर्षी कमी होत असताना आपण नेमकी त्यांनाच शेताबाहेर काढतो आहोत. शिवाय पीक गेलं की ते दळायचं कसं, साठवायचं कसं, थापायचं कसं ही जाणही एका पिढीत जाते. पोळी सगळीकडे सारखीच लाटली जाते. भाकरी मात्र प्रत्येक मुलुखाने आपल्या मातीशी जुळवून घडवलेली आहे.

म्हणून वाचकांना एकच विनंती. आपल्या मूळ गावाची भाकरी कुठल्या धान्याची, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते धान्य जातीचं नाव विचारून, जमल्यास थेट शेतकऱ्याकडून घ्या. थोडं थोडं दळा. आजी, आई, सासूबाई, जिला भाकरी येते तिच्याशेजारी बसून थापायला शिका, आणि घरातल्या मुलग्यांनाही शिकवा. आठवड्यातून दोन दिवस जरी ती ताटात आली, तरी कुठल्यातरी कोरड्या शिवारात पुढच्या वर्षी तिची पेरणी होईल.