टॅरोचे पत्ते कसे पाहावेत?

टॅरो म्हणजे ७८ पत्त्यांचा संच. त्यात २२ मोठे, ५६ छोटे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा चक्क खेळायचा डाव होता. भविष्य पाहण्यासाठी त्याचा वापर रुजला तो अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. नवशिक्याने १९०९चा रायडर-वेट संच घ्यावा. पामेला कोलमन स्मिथ यांनी त्यात छोट्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवले, त्यामुळे अर्थ पाठ नसले तरी अडत नाही.

चार पेल्यांचा पत्ता घ्या. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय. समोर तीन पेले. ढगातून आलेला हात चौथा पुढे करतोय, पण याचं लक्षच नाही. कुणाला तो कंटाळलेला वाटेल, कुणाला रुसलेला, कुणाला ध्यानस्थ. तुम्हाला काय वाटलं ते आधी वहीत टिपा, पुस्तकातला अर्थ नंतर.

रोज एकच पत्ता पुरे. प्रश्न ‘नोकरी लागेल का?’ असा नको, ‘या नोकरीत मला नेमकं काय खुपतंय?’ असा हवा. पत्त्यांना भविष्य कळतं याला पुरावा नाही. तेव्हा आजारपण, पैसा, कोर्टकचेरीचे निर्णय त्यांच्यावर सोपवू नका, आणि ‘उपाय’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याकडे तर फिरकूच नका.