जाळं, जहाज आणि वाजवी भीती
जाळं पाण्यात आहे आणि मोठं जहाज नेमकं त्याच्याच रोखानं येतंय. वरळी कोळीवाड्यातला तांडेल अशा वेळी काय करील? होडी थेट जहाजाकडे घालील, हात हलवील, ओरडेल. जाळं वाचवायचं तर दुसरं काय करणार! जहाजाच्या कठड्याशी बंदूक घेऊन उभ्या असलेल्याला मात्र दिसते अंगावर येणारी लहान होडी आणि तिच्यातली काळीसावळी माणसं.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २० सागरी मैलांवर ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून ‘सेंट अँटनी’ या मच्छीमार बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन मच्छीमार गेले. चाचे आले असं वाटलं, हा जहाजावर पहाऱ्याला असलेल्या इटालियन नौसैनिकांचा बचाव.

असं वाटण्यामागे एक नकाशा होता. सोमाली चाच्यांच्या धास्तीनं जहाजधंद्यातल्या संघटनांनी २०१० मध्ये धोक्याच्या क्षेत्राची हद्द पूर्वेला ७८ अंश रेखांशापर्यंत ओढली. वरळी आहे ७३ अंशांच्या अलीकडेच. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे मच्छीमार घरच्याच पाण्यात चाच्यांच्या हद्दीत गेले. ती रेषा ६५ अंशांवर मागे हटली २०१५ च्या डिसेंबरात.

दुसरी गोष्ट नजरेची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोशुआ कोरेल यांनी २००२ मध्ये एका व्हिडिओ गेमद्वारे प्रयोग केला. पडद्यावरच्या माणसाच्या हाती पिस्तूल असेल तरच गोळी झाडायची. हाती मोबाइल किंवा पाकीट असलेल्या कृष्णवर्णीयांवर लोकांनी गोऱ्यांपेक्षा जास्त वेळा चुकून गोळी झाडली. त्या नौसैनिकांनी वर्णद्वेषानं चाप ओढला, असा आरोप यावरून करता येणार नाही. पण भीती खरी असूनही पूर्वग्रहातून आलेली असू शकते, आणि कायद्याची अडचण इथेच आहे.

आपली भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क देते. जिवावर बेतण्याची वाजवी भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत. नुसतं ‘घाबरलो’ म्हणून भागत नाही. धोका समोर उभा होता का, पोलिसांकडे जायला वेळ होता का, गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं का, हे न्यायालय तपासतं. बचाव दाखवून देण्याची जबाबदारी आरोपीवर, पण तो संभवनीय वाटला तरी पुरतं.

या प्रकरणात तिथवर गोष्ट पोचलीच नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादानं नौसैनिकांना भारतीय न्यायालयांपासून संरक्षण असल्याचं ठरवलं आणि भारताला भरपाईचा हक्क दिला. इटलीनं १० कोटी रुपये भरले, जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला बंद केला. ती भीती वाजवी होती का, हे भारतातल्या एकाही न्यायालयात तपासलं गेलं नाही.

मच्छीमार कोण, हे ओळखण्याची सोय आपल्याकडे आहे. २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातले हल्लेखोर ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट पळवून मुंबईकडे आले. तेव्हापासून बोटींना राज्यवार रंग आले, खलाशांना ओळखपत्रं आली. तटरक्षक दल ती तपासू शकतं. पण तेलवाहू जहाजाच्या कठड्यावरून ओळखपत्र वाचता येत नाही.