दिवेआगर

महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यातले समुद्रकाठचे एक प्राचीन गाव. नारळी-पोफळीच्या बागांसाठी व पुरावशेषांसाठी प्रसिद्ध. शिलाहारकालीन रूपनारायणाची मूर्ती व शके ९८२ (इ. स. १०६०) मधील ताम्रपट ही त्याच्या प्राचीनत्वाची साक्ष होत. मराठीच्या आद्य लिखित साधनांत या ताम्रपटाची गणना होते.

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी येथील पोफळीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी सापडली. तीत गणेशाचा सोन्याचा मुखवटा व दागिने होते. मुखवट्याची पुढे गावातील मंदिरात स्थापना झाली.

भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास वर्दी देण्याचे बंधन निखात निधी अधिनियम, १८७८ घालतो. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ मध्ये शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या खाजगी निर्यातीस बंदी असून विनिर्दिष्ट प्रकारांची नोंदणी आवश्यक आहे. तथापि पूजेतील वस्तूच्या दैनंदिन रक्षणाचा भार बव्हंशी स्थानिक व्यवस्थेवरच पडतो.

मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांची हत्या करून मुखवटा पळविला व तो वितळविण्यात आला. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने दोषींना शिक्षा दिल्या. हस्तगत सोन्यापासून घडविलेल्या नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना २३ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. उपासनेची परंपरा त्यामुळे पुन्हा सुरू झाली. परंतु मूळ घडण, कारागिरीच्या खुणा व त्यांवरून कालनिर्णय करण्याची शक्यता कायमची नष्ट झाली. अशा वस्तूंचे मोजमाप व छायाचित्रण ती सापडताच होणे का आवश्यक असते, हे या घटनेवरून स्पष्ट होते.